गोळी का हरते, हे शोधणारं करिअर

अँटिबायोटिकला न जुमानणारे बॅक्टेरिया हा आता फक्त डॉक्टरांचा विषय राहिलेला नाही. पुण्याच्या मुठा नदीपासून नॉर्वेच्या समुद्रापर्यंत त्यांचा माग काढणाऱ्या मायक्रोबायोलॉजिस्टचं काम नेमकं कसं असतं? त्यात शिरायचं कसं? आणि त्यात तुम्हाला काय मिळेल, काय मिळणार नाही?

घसा खवखवतोय, अंगात कणकण आहे आणि रविवारी पेपर आहे. अशा वेळी तुम्ही काय करता? सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. रूममेट सांगतो, 'अरे, अ‍ॅझिथ्रो घे, तीन दिवसांत ठणठणीत.' मग अभ्यासिकेतून मेसला जाता जाता मेडिकलमध्ये एक थांबा. चिठ्ठी कुणी मागितली तर ठीक, नाही मागितली तर त्याहून ठीक. दोन दिवसांनी बरं वाटतं आणि श्रेय गोळीला जातं.

खरं तर साध्या सर्दी-घशामागे बहुतेक वेळा व्हायरस असतो आणि अँटिबायोटिक व्हायरसला काहीही करत नाही. तुम्ही बरे झालात ते तुमच्या शरीरामुळे. पण गोळी पोटात गेली ती वाया गेली नाही, तिने तिचं काम केलंच. तुमच्या आतड्यात राहणाऱ्या कोट्यवधी बॅक्टेरियांपैकी जे तिच्यापुढे टिकू शकत नव्हते ते मेले आणि जे टिकू शकत होते त्यांना मोकळं मैदान मिळालं. अशी एक गोळी घेतली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण हेच रोज, गल्लोगल्ली, शहरोशहरी होत राहतं तेव्हा काय होतं?

२०१९ मध्ये भारताच्या खासगी औषधबाजारात सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक होतं अ‍ॅझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. तीच, रूममेटने सुचवलेली. आणि त्याच वर्षी, 'लॅन्सेट'मधल्या जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार, औषधांना दाद न देणाऱ्या बॅक्टेरियांमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली. एकट्या भारताचा आकडा तीन लाखांच्या जवळ जातो. या सगळ्याला नाव आहे अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स, थोडक्यात एएमआर. मराठीत आपण 'प्रतिजैविक प्रतिरोध' म्हणतो. आज ज्या करिअरबद्दल बोलायचं आहे ते या शब्दाभोवती फिरतं.

झेरॉक्सच्या दुकानासारखं

बॅक्टेरिया औषधाला हरवतात कसे? त्यांचे डावपेच मोजकेच आहेत. काही जण औषधाचा रेणू कापून टाकणारं एन्झाइम बनवतात. काही जण आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतात. काही जण औषध जिथे जाऊन बसतं ती जागाच बदलून टाकतात, म्हणजे चावी तीच पण कुलूप वेगळं. आणि काही जण दारच बारीक करून घेतात.

हे बदल जनुकांमध्ये अपघाताने होतात, त्याला म्युटेशन म्हणतात. २०१६ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी दोन फूट बाय चार फुटांची अवाढव्य पेट्री डिश बनवली. दोन्ही टोकांना औषध शून्य, मग पट्ट्यापट्ट्याने वाढत वाढत मध्यभागी हजारपट. टोकांना ई. कोलाय सोडले. प्रत्येक नव्या पट्ट्यापाशी ते अडायचे, मग एखादा म्युटंट पलीकडे सरकायचा आणि त्याची पिल्लावळ पुढचा पट्टा व्यापायची. साधारण दहा-अकरा दिवसांत ते मध्यभागी पोचले. त्याचा व्हिडिओ बघाच. उत्क्रांती डोळ्यांदेखत घडताना दिसते.

पण म्युटेशन हा संथ मार्ग. खरी डोकेदुखी दुसरीच आहे. सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानांचा विचार करा. एकाने वर्षभर खपून नोट्स काढल्या की दुसऱ्याला त्या पुन्हा काढाव्या लागत नाहीत. दहा मिनिटांत प्रत हातात. देणारा आणि घेणारा एका कॉलेजचे असायला हवेत असंही नाही. बॅक्टेरियांकडे अशा नोट्स प्लाझ्मिडवर लिहिलेल्या असतात. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं एक छोटं, सुटं कडं. एक बॅक्टेरिया दुसऱ्याला चिकटतो आणि त्याची प्रत देऊन टाकतो, कधी कधी तर अगदी वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियालासुद्धा. एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धच्या 'नोट्स' असू शकतात. म्हणून एका औषधाच्या गैरवापराची किंमत दुसऱ्या औषधाला मोजावी लागते.

पुण्याची नदी, पुण्याचा संशोधक

आता एका माणसाचा प्रवास बघू. डॉ. नचिकेत मराठे हे पुण्यात पीएचडी केलेले मायक्रोबायोलॉजिस्ट. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, डॉ. योगेश शौचे यांच्या गटात त्यांनी काम केलं. २०१३ मध्ये या गटाने स्वीडनमधल्या सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता औषध कारखान्यांचं सांडपाणी जिथे शुद्ध केलं जातं असं एक केंद्र. जिथे पाणी स्वच्छ व्हायला हवं तिथेच अनेक औषधांना एकाच वेळी पुरून उरणारे बॅक्टेरिया मोठ्या संख्येने सापडले.

पुढे मराठे स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात पोस्टडॉक झाले. तिथल्या प्रा. योआकिम लार्सन यांच्या गटाचा विषय होता पर्यावरणातला एएमआर. स्वीडनला गेल्यावर त्यांनी अभ्यासायला काय घेतलं? आपली मुठा! नदी शहरात शिरण्याआधी, शहरात असताना आणि शहर ओलांडल्यावर अशा टप्प्यांवर तळाचा गाळ गोळा केला गेला. या गाळातले बॅक्टेरिया एकेक करून वाढवत बसण्याऐवजी त्यातला सगळा डीएनए एकत्र वाचला गेला. या पद्धतीला शॉटगन मेटाजीनोमिक्स म्हणतात. २०१७ मध्ये 'वॉटर रिसर्च' या नियतकालिकात निष्कर्ष आले. शहराच्या आधीच्या गाळाच्या तुलनेत शहरातल्या गाळात प्रतिरोधाच्या जनुकांचं प्रमाण तीसपटींपर्यंत वाढलेलं होतं. त्यात कार्बापेनेम या राखीव औषधांना निकामी करणारी एनडीएमसारखी जनुकं होती आणि कोलिस्टिन या अगदी शेवटच्या औषधाविरुद्धचं एमसीआर-१ हे जनुकही होतं.

हा गाळ कुठल्या औषध कारखान्याशेजारचा नव्हता. प्रक्रिया न झालेलं शहरी सांडपाणी, म्हणजे तुमच्या-आमच्या घरांतून, होस्टेलांतून आणि दवाखान्यांतून वाहत गेलेलं पाणी, हे त्यामागचं कारण. आपण रोज भिडे पुलावरून किंवा म्हात्रे पुलावरून गाडी दामटत ज्या नदीवरून जातो, तिच्या तळाशी आपल्या आतड्यांचा हिशोब लिहिलेला आहे. आणि तो वाचायला मायक्रोबायोलॉजिस्ट लागतो.

सध्या मराठे नॉर्वेतल्या बर्गन शहरात, समुद्र संशोधन संस्थेत आहेत. नॉर्वे अँटिबायोटिक जपून वापरणाऱ्या देशांपैकी एक. तरीही त्यांच्या गटाने २०२३ मध्ये बर्गनच्या सांडपाण्यातून शेवटच्या फळीतल्या औषधांना दाद न देणारे क्लेब्सिएला शोधून काढले. लोकांना दवाखान्यात न बोलावता, फक्त गटार तपासून, शहरात काय फिरतंय ते कळतं! कोविडच्या काळात सांडपाण्याच्या तपासणीची ही कल्पना सगळ्या जगाला पटली.

कुणी न विचारलेला बॅक्टेरिया

दुसरं उदाहरण थोडं जुनं आहे. १९८० च्या दशकात डॉ. बाळू चोपडे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये असिनेटोबॅक्टर नावाच्या बॅक्टेरियाच्या प्लाझ्मिडवर संशोधन करत होते. तेव्हा हा काही 'स्टार' बॅक्टेरिया नव्हता. माती-पाण्यात सापडणारा, कधीमधी दवाखान्यात डोकं वर काढणारा. चोपडे नंतर पुणे विद्यापीठाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात आले आणि तोच विषय पुढे नेला. १९९४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की असिनेटोबॅक्टर बाउमानी हा चांदीलासुद्धा दाद देत नाही आणि ही ताकद त्याला प्लाझ्मिडवरून मिळते. चांदीच का? कारण भाजलेल्या जखमांवर चांदीयुक्त मलम लावलं जातं.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या औषधांची सगळ्यात तातडीची गरज असलेल्या बॅक्टेरियांची यादी काढली. कार्बापेनेमला न जुमानणारा असिनेटोबॅक्टर बाउमानी तिच्या सगळ्यात वरच्या, 'क्रिटिकल' गटात होता. २०२४ च्या सुधारित यादीतही तो तिथेच आहे. आज आयसीयूत आणि नवजात बाळांच्या वॉर्डात डॉक्टर ज्याला सगळ्यात जास्त घाबरतात त्यांपैकी हा एक. ज्यांनी तो बिनमहत्त्वाचा असताना त्याचा अभ्यास केला, त्यांचं काम आता पायाचं ठरतंय. विषय निवडताना ट्रेंड काय आहे एवढंच बघू नका, हा यातला धडा.

दवाखान्याच्या तळमजल्यावर

एएमआरचं काम फक्त नदीकाठी किंवा विद्यापीठात होत नाही. बहुतेक मायक्रोबायोलॉजिस्ट ते रोज, दवाखान्याच्या लॅबमध्ये करतात. तिथला दिवस कसा असतो?

सकाळी नमुने येतात. रक्त, लघवी, थुंकी, पू. ते ब्लड अगार, मॅककाँकी अगार अशा माध्यमांवर वायरलूपने पसरायचे आणि ३५-३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे. मग थांबायचं. इथे घाई चालत नाही. दुसऱ्या दिवशी प्लेटवर ठिपके, म्हणजे कॉलनी उगवतात. कुठली रोगाची आणि कुठली नुसतीच त्वचेवरून आलेली, हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते. मग ग्रॅम स्टेन. मग ओळख पटवणं. मोठ्या लॅबमध्ये आता माल्डी-टॉफ नावाचं मशीन हे काही मिनिटांत करतं.

यानंतर खरा प्रश्न: याला मारणार कशाने? बॅक्टेरियांचा ठरावीक गढूळपणाचा द्राव करायचा, म्युलर-हिंटन अगारवर कापसाच्या बोळ्याने एकसारखा पसरायचा आणि त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या. सोळा ते अठरा तासांनी बघायचं. जी चकती काम करते तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. हे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि ठरलेल्या तक्त्याशी ताडायचं. एस म्हणजे औषध चालेल. आर म्हणजे चालणार नाही. बारावीला वापरलेली मोजपट्टी आठवते? तिच्यावरचे दोन-तीन मिलिमीटर इथे पेशंटचं औषध ठरवतात.

आणि कधी कधी सगळ्या चकत्यांपुढे 'आर' येतो. वर्तुळच नाही. सलग हिरवट-करडा थर. अशा वेळी रिपोर्ट टाइप करून पाठवून दिला की काम संपत नाही. डॉक्टरांना फोन करायचा, कुठलं औषध अजून तपासून बघता येईल ते बोलायचं, तो पेशंट कुठल्या वॉर्डात आहे, शेजारच्या खाटेवर हाच बॅक्टेरिया पोचलाय का हे शोधायचं. पेशंटने मायक्रोबायोलॉजिस्टला कधी पाहिलेलं नसतं. त्याचं आयुष्य मात्र त्या फोनवर अवलंबून असू शकतं.

अशाच एका लॅबमधून भारताला पहिल्या काही धोक्याच्या घंटा ऐकू आल्या. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज, पायल देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कार्बापेनेमला न जुमानणारे २४ बॅक्टेरिया तपासले. त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ निघालं. मार्च २०१० मध्ये हे भारतीय फिजिशियनांच्या नियतकालिकात छापून आलं. काही महिन्यांनी 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये एनडीएम-१ वरचा आंतरराष्ट्रीय निबंध आला आणि जगभर गदारोळ झाला. आपल्याकडे वाद पेटला तो नावावरून, कारण एनडीएम मधलं 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. नावाचा वाद रंगला तरी बॅक्टेरिया काही थांबले नाहीत. पुढे एका जागतिक पाहणीत भारतीय रुग्णालयांतून २००६-०७ मध्ये जमा करून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा २००६ च्या नमुन्यांतही एनडीएम-१ सापडलं. म्हणजे नाव मिळण्याच्या आधीपासून ते आपल्यात होतं. कुणीतरी ते नमुने नीट लेबल लावून फ्रीझरमध्ये जपले होते म्हणून हे कळलं. या करिअरमध्ये लेबल नीट लावणं हीसुद्धा बुद्धिमत्ताच असते.

पिंपरी ते संभाजीनगर

औषधं शोधण्याच्या बाजूलाही महाराष्ट्राचा इतिहास आहे. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षीपासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. जिल्ह्यातली जुनी मंडळी अजूनही त्याला 'पेनिसिलिन फॅक्टरी' म्हणतात. तिथे नुसती बाटलीबंदी होत नव्हती. डॉ. थिरुमलाचार यांच्या गटाने तिथेच हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं.

आजचं उदाहरण छत्रपती संभाजीनगरचं. वोक्हार्ट कंपनीच्या तिथल्या संशोधन केंद्रात नव्या अँटिबायोटिकवर वर्षानुवर्षं काम सुरू आहे. न्यूमोनियासाठीचं नॅफिथ्रोमायसिन हे औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते समोर आलं. दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस. भारतात शोधलेलं अँटिबायोटिक म्हणून त्याचं कौतुक झालं. पण त्यामागे साधारण १४ वर्षांचं काम होतं. तुम्ही पाचवीत असताना सुरू झालेलं काम तुमच्या पहिल्या नोकरीच्या वेळी संपतं, असा हा हिशोब.

आणि संपलं तरी पैसे मिळतील याची खात्री नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅकेओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कारण सोपं आहे. मधुमेहाची गोळी पेशंट आयुष्यभर घेतो, अँटिबायोटिक आठवडाभर. शिवाय नवं अँटिबायोटिक चांगलं असेल तर डॉक्टर ते जपून, कमीत कमी वापरतात. जेवढं शहाणपणाने वापराल तेवढी विक्री कमी. म्हणून बऱ्याच बड्या कंपन्यांनी या क्षेत्रातून काढता पाय घेतला. हा तिढा सोडवायला आता अर्थशास्त्र, कायदा आणि सार्वजनिक आरोग्य शिकलेली मुलंही हवी आहेत. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, पान उलटू नका!

तर, शिरायचं कसं?

रस्ते मुख्यतः दोन.

पहिला, बारावीनंतर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी. पुण्यात एसपी, गरवारे, फर्ग्युसन, मॉडर्न अशा कॉलेजांत हा विषय आहे. मग एमएस्सी. त्यानंतर संशोधनात जायचं असेल तर सीएसआयआर-नेट, डीबीटीची बीईटी किंवा आयसीएमआरची जेआरएफ परीक्षा. राष्ट्रीय संस्थांतल्या एमएस्सीसाठी जॅम आणि गॅट-बी या परीक्षाही लक्षात ठेवा. दुसरा रस्ता, एमबीबीएस करून एमडी मायक्रोबायोलॉजी. रुग्णालयात विभागप्रमुख व्हायचं, रिपोर्टवर शेवटची सही करायची, तर बहुतेक ठिकाणी हाच रस्ता लागतो. एमएस्सीवाल्यांना तिथे वर चढायला जागा कमी पडते. ही तक्रार खरी आहे, ती प्रवेश घेण्याआधीच माहीत असलेली बरी.

कामाच्या जागा मात्र बऱ्याच आहेत. रुग्णालयाच्या लॅब आणि संसर्ग नियंत्रण विभाग. औषध कंपन्यांचं संशोधन आणि गुणवत्ता नियंत्रण. अन्न, दूध, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा. आयसीएमआरने २०१३ मध्ये उभं केलेलं एएमआर पाळत जाळं. पशुवैद्यकीय आणि मत्स्य क्षेत्र, कारण कोंबड्यांना आणि माशांनाही अँटिबायोटिक दिली जातात. जनावरांची वाढ व्हावी म्हणून कोलिस्टिन सर्रास वापरलं जायचं, ते भारताने २०१९ मध्ये बंद केलं. या निर्णयामागेही कुणीतरी जमवलेला डेटाच होता.

आता पैशाचं बोलू. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची फेलोशिप महिना ३७ हजार रुपये आहे, वर घरभाडं भत्ता. दोन वर्षांनी सीनियर झालात की ४२ हजार. ऐकायला बरं वाटतं, पण ती मिळवण्यासाठी स्पर्धा तगडी आहे आणि पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. त्यानंतर पोस्टडॉक, बहुधा परदेशात. तिशी उलटेपर्यंत 'अजून शिकतोच आहेस का?' हा प्रश्न प्रत्येक लग्नकार्यात ऐकावा लागेल. खासगी लॅबमध्ये सुरुवातीचे पगार कमी असतात. शेजारच्या खोलीतला मित्र एमपीएससी काढून रुजू झालेला असेल आणि तुम्ही अजून प्लेट्स मोजत असाल. हे आधीच नीट समजून घ्या.

स्वभावाचंही बघा. संयम लागतो. बॅक्टेरियांना रविवार कळत नाही, गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशीही कल्चर बघायला जावं लागतं. लक्ष्मी रोड बंद असला तरी! दहा प्रयोगांतले सात फसतात. पुन्हा करावे लागतात. आणि आता फक्त प्लेट वाचून भागत नाही. जीनोम सिक्वेन्सिंगचा डेटा हाताळायला थोडं पायथन किंवा आर, थोडी संख्याशास्त्राची तयारी हवी. कॉम्प्युटर आवडतो पण वासाने मळमळतं, अशांसाठीही त्यामुळे दार उघडलं आहे.

या वर्षी काय कराल?

एफवाय-एसवायला असाल तर विभागातल्या सरांना-मॅडमना गाठा आणि छोटा प्रकल्प मागा. वसतिगृहाच्या दारांच्या मुठी, मोबाइलचे स्क्रीन, पाण्याच्या टाक्या, कशावरूनही सुरुवात होते. फक्त कल्चर कॉलेजच्या लॅबमध्ये, मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच. घरी नाही. असा प्रकल्प विद्यापीठाच्या 'आविष्कार' स्पर्धेत मांडता येतो. तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिचा अर्ज चुकवू नका. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, पुण्यातल्या बऱ्याच संशोधन संस्था सगळ्यांसाठी दारं उघडतात. तिथे जाऊन संशोधकांना हटकून विचारा, 'तुमचा कालचा दिवस कसा गेला?' माहितीपत्रकापेक्षा या उत्तरातून जास्त कळेल.

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गोळ्यांची पट्टी हातात आली की ती उलटून बघा. कडेला लाल उभी रेघ आहे? मग ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. १ मार्च २०१४ पासून शेड्युल एच-१ लागू आहे. त्यातल्या औषधांसाठी दुकानदाराला पेशंटचं, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते. पुण्याचा औषधांचा घाऊक बाजार याच सदाशिव पेठेत आहे. म्हणजे जिल्ह्यातल्या कित्येक गोळ्यांचा प्रवास तुमच्या मेसच्या आसपासून सुरू होतो. तो कुठे संपतो, ते मुठेच्या गाळाने दाखवलंच आहे.

डॉक्टरांकडे गेलात तर दोन प्रश्न विचारायची लाज बाळगू नका. 'हे अँटिबायोटिक आहे का?' आणि 'खरंच लागेल का?' ते म्हणाले लागेल, तर सांगितल्या मात्रेत, सांगितले तितके दिवस घ्या. उरलेल्या गोळ्या रूममेटला देऊ नका आणि त्याच्या उरलेल्या घेऊ नका.

अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं आणि १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणातच इशारा दिला, की लोक स्वतःच्या मनाने अपुरं औषध घेतील आणि बॅक्टेरियांना त्याची सवय लावतील. शोध लावणाऱ्यानेच धोका सांगून ठेवला होता. त्याला आता ऐंशी वर्षं झाली. २०५० पर्यंत एएमआरमुळे जगात थेट ३ कोटी ९० लाख मृत्यू होतील, असा २०२४ मधला अंदाज आहे. २०५० मध्ये तुम्ही पंचेचाळिशीच्या आसपास असाल. तुमच्या आईवडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची केमोथेरपी, कुणाचं वेळेआधी जन्मलेलं बाळ, या सगळ्यांच्या मागे चालणारं अँटिबायोटिक हवं असेल.

ते तेव्हा चालेल की नाही, हे ठरवणारे अंदाज आणि औषधं आज पंचविशीच्या आत असलेल्या कुणाच्या तरी हातून तयार होणार आहेत. त्यातले काही जण आत्ता एसपीच्या कट्ट्यावर चहा पीत हे पान वाचत असतील, तर आश्चर्य वाटायला नको.